तिसरी तार

वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांच्या गावी, पेठला धुकं होतं, असं मला आठवतं. पण मी तर जुन्नरला होतो, पेठचं धुकं मला कुठून दिसणार... "भाऊजी, ह्ये गेलं," एवढंच त्या बोलल्या. विहिरीवरच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा, वायंडिंगवाला माझा मित्र सुदाम गेला आणि त्याला सांगायचं राहिलेलं माझ्यापाशीच राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोटरसायकलवरून पडल्यावर त्याच्या उजव्या हाताची बोटं हलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम सोडू नका, नस कधीकधी परत येते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. स्नायूतली वीज पकडायची, चिपनं तिचे आकडे करायचे आणि कॉम्प्युटरवर रेघ उमटवायची, असं यंत्र जुळवून मी त्याच्या दुकानात नेलं. दोन तारांच्या चकत्या त्याच्या हाताच्या स्नायूवर चिकटवल्या. तिसऱ्या तारेला मी 'ग्राउंड' अशी चिठ्ठी लावली होती.

"ग्राउंड म्हंजी अर्थिंगच ना, मास्तर?"

मी मान डोलावली. दुकानामागं मोटारींच्या अर्थिंगची सळई पुरलेली होती. तार तिला बांधली, वर मिठाचं पाणी ओतलं, ते जमिनीनं लगेच शोषलं. "लई तान्हेली दिसती, राव," तो हसला.

पडद्यावर हिरवी लाट उठली, जाड, एकसारखी. त्यानं बोटांत सगळा जीव एकवटला तरी तीच, सोडला तरी तीच. "ही लाइटची वीज आहे," मी म्हणालो. "तुझ्या हातात काही नाही रे." तो कितीतरी वेळ त्या लाटेकडे बघत राहिला, नदीकाठी बसल्यासारखा... दुसऱ्या दिवसापासून त्यानं व्यायाम सोडला.

दोन वर्षांनी एका पुस्तकात आकृती दिसली. तिसरी तार कोपराच्या हाडावर लावायची होती. इथं 'ग्राउंड' म्हणजे जमीन नव्हे, माणसाचं अंगच. माझ्याच कोपरावर लावून पाहिली. लाट विरली, आणि मूठ आवळली की गवत थरथरावं तशी रेघ हलू लागली. पेठ तासाभरावर होतं. मी गेलो नाही. पुढं गेलो तेव्हाही दुकानाबाहेरच्या बाकावर चहा पिऊन परत आलो. आत जायचं टाळलं.

गेल्या आठवड्यात वहिनींना सगळं सांगितलं. "मंग तवा व्हता का जीव हातात?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. मी नीट पाहिलंच नाही."

त्यांनी दुकानाची किल्ली माझ्यापुढं ठेवली.

आत मुठीनं फिरवायचं वायंडिंगचं यंत्र तसंच होतं. पूर्वी गप्पा मारता मारता मी ते फिरवायचो; त्या सवयीनं माझा उजवा हात यंत्राच्या मुठीकडं गेला. मूठ तिथं नव्हती. सुदामनं ती काढून डाव्या अंगाला बसवली होती.