नारायणअण्णांचा 'ना'

नारायणअण्णा गेले, आणि आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला: "अवर व्हील व्हेंडर एक्स्पायर्ड."

खाली जोडलेल्या हातांची रांग.

एक्स्पायर व्हायला माणूस काय खोकल्याचं औषध आहे?

तिथं मी काही लिहिलं नाही. इथं लिहिते. ज्याला झोंबेल त्यानं खुशाल अनफ्रेंड करावं.

तर व्हेंडर म्हणजे कोण, ते ऐका.

हुबळीत कमरीपेठेत अण्णांचं लेथचं दुकान. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी तिथं पहिल्यांदा गेले. त्यांनी माझ्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा.

"सपाट कर. कॅल्क्युलेटरवर बोटं चालतात तशी इथं चालव की."

आठवडाभर मी नुसती कानस मारत होते. अण्णा डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "इथं उंच आहे. परत मार."

चिडायचे मी. पण मापाच्या आधी त्यांच्या अंगठ्याला कळायचं, हे खरं.

पुढं हुबळीजवळच रायापूरला आमची छोटी कंपनी उभी राहिली. खासगी टीमनी आपापली गाडी चंद्रावर उतरवून चालवायची, अशी एक स्पर्धा होती. आम्ही रोव्हर बनवत होतो. चाकांचं डिझाइन माझ्याकडं. मग मी अण्णांकडंच जाणार, आणखी कुठं?

चंद्रावरची माती पिठासारखी. म्हणून आम्ही खडी क्रशरची बारीक दगडी पूड ट्रेमध्ये भरून टेस्ट घ्यायचो. माझं पहिलं चाक त्यात जागच्या जागी गरगर फिरलं आणि रुतून बसलं.

अण्णा ते बघून म्हणाले, "अमरगोळच्या मार्केट यार्डात जा. ट्रॅक्टरचं मागचं चाक बघ. त्याच्या पट्ट्या तिरक्या का असतात, विचार कर जरा."

तिरक्या पट्ट्या दिल्या. चाक न रुतता पुडीवर चढलं.

प्रेझेंटेशनमध्ये लिहिलं, "इन-हाउस डिझाइन". ती स्लाइड मीच केली होती.

फायनल चाकं हवी होती ती नेमकी खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी बघायला मोठे लोक येणार होते. दुकानात लेथला हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली. त्या दिवशी मशीनला कुणी हात लावत नाही. अण्णांनी तर उभ्या जन्मात लावला नव्हता.

मी दारात उभी. हातात ड्रॉइंग.

त्यांनी माळ काढून खुंटीला अडकवली, मशीनला हात जोडले आणि बटण दाबलं.

"चंद्रावर कुठली आलीय गं खंडेनवमी!"

इंदूअक्का, म्हणजे त्यांची बायको, पुढं चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

या सगळ्याच्या बदल्यात अण्णांनी एकच गोष्ट मागितली.

तुटलेल्या ड्रिलचा तुकडा घासून त्यांनी स्वतः एक पंच केला होता, 'ना' अक्षराचा. प्रत्येक कामावर आतल्या बाजूला बारीकसा ठोकायचे. मराठीत नारायणातला ना, आणि आमच्याकडच्या कानडीत ना म्हणजे मी.

"कुठूनही वाच, मीच," म्हणून हसायचे.

"एका चाकावर ठोकलाय. राहू दे हं. चंद्रावर जाऊ दे."

"राहील, अण्णा."

आमचे क्वालिटीवाले साहेब दिल्लीकडचे. त्यांनी चाक उलटंसुलटं केलं. "ये 'ना' क्यों लिखा है? रिजेक्ट है क्या?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले.

मग मी सांगितलं, शिक्का आहे, करणाऱ्याचा. ते म्हणाले, ड्रॉइंगमध्ये जे नाही ते पार्टवर नको. काढून टाका.

भांडायला हवं होतं मी. एरवी केवढी जीभ चालते माझी! पण तिथं नोकरी होती, चंद्र होता, माझं नाव टीमच्या यादीत होतं.

कानस घेतली आणि घासून टाकला.

त्यानंतर अण्णा भेटले की विचारायचे, "ना आहे ना?"

"आहे ना, अण्णा."

दर वेळी. तोंड वर करून. कमरीपेठेत चहावाल्यापासून वेल्डरपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. नात पौर्णिमेला चंद्राकडं बोट दाखवायची आणि म्हणायची, "अज्जांचा ना तिथं जाणार."

गेला नाही. आमचा रोव्हर कुठल्याच रॉकेटमध्ये चढला नाही. मुदतीत कुणालाच जमलं नाही आणि स्पर्धा गुंडाळली. मागोमाग कंपनीही.

सामान वाटून टाकत होते तेव्हा ते चाक मी उचललं आणि कमरीपेठेत गेले. खरं सांगायचंच, असं ठरवून गेले होते. दुकानात पाय टाकला आणि धीर सुटला. नुसतं चाक त्यांच्या हातात दिलं.

अण्णांनी डोळे मिटले. आतून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला.

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

"सरळ मारलीस कानस," म्हणाले. "हात बसला गं तुझा."

मग आत वळून म्हणाले, "इंदू, चहा टाक. बाई आलीय."

त्या दिवसापासून "ना आहे ना?" त्यांनी कधीच विचारलं नाही.

आज त्यांना पोचवून आल्यावर दुकानात गेले. चाक लेथशेजारी खिळ्याला टांगलेलं आहे. खाली डब्यात पंच आहे. परत ठोकला नाही त्यांनी. मी घासलेली जागा तशीच आहे.

ग्रुपवाल्यांनो, ते व्हेंडर नव्हते. मला हाताला धरून कानस मारायला शिकवणारा माणूस होता तो, आणि ती कानस मी त्यांच्याच नावावर चालवली.

अण्णा, "कुणी घासला गं?" एवढं तरी विचारायचं होतंत. तुमच्याच कानडीत उत्तर दिलं असतं.

ना.

माफ करू नका. नमस्कार तेवढा घ्या.