लळिंगच्या उतारावर सुटलेला गिअर

पुण्याहून निघायच्या आधीचा चहा आम्ही बसमध्येच केला. एके काळी कारखान्यातल्या कामगारांना नेणारी ही जुनी बस. माझ्या बायकोचा, मेधाचा, जळगावचा मावसभाऊ शिरीष याने तिची बाकं काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली, दोन वर्षं वापरली आणि दिवाळीत आम्हाला विकली. तिचं इंजिन पुढं, चालकाच्या बाजूलाच. वरचं झाकण एवढं तापतं की मेधा त्यावर मोजे वाळवते. आता ती घेऊन आम्ही शिरीषकडेच निघालो होतो. त्याच्या दोन मुलींना तिच्यातून पद्मालयाच्या गणपतीला न्यायचं ठरलं होतं.

मालेगावात मुक्काम केला. सकाळी आर्वी मागं पडली, लळिंगचा किल्ला दिसू लागला आणि धुळ्याकडचा उतार लागला. थंडी होती, कापसाची वेचणी चालली होती. तिसऱ्या गिअरवर बस बेताने उतरत होती.

खट्! गिअरचा दांडा हातातून निसटून मागं आला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. बंद पडलं म्हणावं तर इंजिन चालू होतं. चाकांशी त्याचा संबंधच तुटला होता. उतारावर मोकळी सुटलेली बस वेग घेऊ लागली. गिअर पुन्हा टाकायला गेलो, तर नुसती करकर. ब्रेक सुरुवातीला लागले, मग कमी लागले, मग पाय पूर्ण दाबूनही उपयोग होईना. जळका वास आत भरला. पुढं कापसाने भरलेली ट्रॉली होती आणि कापसावर बायका बसल्या होत्या.

"डावीकडे! डावीकडे घ्या!" मेधा ओरडली.

रस्त्याकडेला मुरमाचा मोठा ढीग होता. मी बस त्यात घातली. ओट्यावरची भांडी पुढं उडाली, मेधा त्या तापल्या झाकणावर आपटली, तिचं कोपर भाजलं. काच फुटली. बस थांबली. माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात.

शेळ्या टाकून एक म्हातारेबुवा धावत आले. "कोनले लागनं का, भाऊ? बठ्ठा बरा शेतस ना?" (कुणाला लागलं का? सगळे बरे आहात ना?) त्यांनी चाकांना दगड लावले आणि आपल्या बाटलीतलं पाणी मेधाच्या कोपरावर ओतलं. मला धड आभारही मानता आले नाहीत.

बस ओढून धुळ्यात सलीमभाईंच्या गॅरेजवर आणली. त्यांनी गिअरबॉक्सखालचा बोल्ट काढला. तेल यायला हवं होतं. आला तो काळा, ओला लगदा. सलीमभाईंनी चिमूट बोटांवर चोळून हुंगली.

"भुसा आहे. लाकडाचा," ते म्हणाले. "दाते झिजले की गिअर ओरडतो. आवाज दबावा म्हणून विकताना भरतात. पण राहायच्या गाडीत? घाटात?"

मेधाने तिथूनच शिरीषला फोन लावला. मीही ऐकत होतो. तिने घडलं ते सांगितलं. तो घाईने म्हणाला, "तुम्ही बरे आहात ना, ताई? मुलींना तर मी बसूच देणार नव्हतो. काहीतरी कारण काढणार होतो."

आपण काय बोललो हे बहुधा त्यालाही कळलं नाही. मेधाचा चेहरा पांढरा पडला. उतारावरही तो इतका पांढरा पडला नव्हता.

परत फिरू, असं मी म्हणालो. ती ऐकेना. बस सलीमभाईंकडे ठेवून आम्ही एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला गेलो. शिरीषच्या बायकोने, सुनंदाने, भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) केली होती. ताटं वाढलेली होती. धाकटी पोर बिलगली, "आत्या, बस कुठंय? आम्ही बॅगा भरल्या!"

"बाबांना विचार," मेधा म्हणाली.

शिरीष खाली बघत म्हणाला, "गिअरबॉक्स गेला होता. मला माहीत होतं."

सुनंदाच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे दोन वर्षं आपण पोरींना त्यात..."

"नाही गं! तेव्हा चांगला होता. यंदा आवाज यायला लागला, म्हणून विकताना भुसा भरला. वाटलं, ताई कुठं लांब नेणारेत..."

मेधा भरल्या ताटावरून उठली. सुनंदा रडत आमच्यामागे फाटकापर्यंत आली, पण शिरीष जागचा हलला नाही.

सलीमभाईंनी दुसऱ्या बसचा गिअरबॉक्स बसवला आणि आम्ही परतलो. तो चढाला चांगलाच ओरडतो, पण गिअर धरून ठेवतो. उताराची भीती मी घाटातच टाकून आलो असं म्हणायला हरकत नाही. 'मुलींना तर मी बसूच देणार नव्हतो' हे वाक्य मात्र गाडी चालवताना अजून कानात येतं, आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

पुण्यात पोचलो त्याच संध्याकाळी शिरीषच्या आईचा फोन आला. मावशी गावाकडे असतात, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेकाने पाहुणचार कसा केला, हे त्या कौतुकाने विचारत होत्या.

मेधा म्हणाली, "भरीत फार छान झालं होतं, मावशी."

तिने त्यातला घासही खाल्ला नव्हता.