घागरीवरचं नाव

माझं लग्न एका मंडळानं लावून दिलं. सोलापुरातल्या व्यापाऱ्यांचं ते मंडळ. आपसांत ते एकमेकांना ‘बंधू’ म्हणायचे. दुष्काळात ज्यांची लग्नं ठरून अडली होती, ती त्यांनी एकाच मांडवात लावायचं ठरवलं. आमचं रान वळसंगच्या पुढं, पार करपलेलं. आबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, आणि ते शहरात जाऊन माझं लग्न नोंदवून आले.

मांडव एका शाळेच्या पटांगणात होता. आम्हा सगळ्या नवरी मुलींना एकाच रंगाच्या साड्या. अक्षता पडल्यावर प्रत्येकीच्या बापाला वर बोलावून भांडी दिली: पितळी घागर, परात, पातेली. आबांनी घागर छातीशी धरली आणि फोटो निघाला. मी मान खाली घालून बसले होते, तरी घागरीवरची अक्षरं दिसलीच. मंडळाचं नाव, आणि खाली ‘यांजकडून सप्रेम भेट’. सातवीपर्यंत शिकले होते, ते त्या घटकेला नकोसं झालं.

सासर पॉवरलूमच्या चाळीत. नळ सगळ्यांना मिळून एक. बायका काही बोलायच्या नाहीत, पण घागर रांगेत ठेवली की त्यांची नजर तिच्यावरून फिरायची. मी अक्षरं पोटाशी येतील अशी घागर कडेवर घ्यायची. ही घागर घरातच ठेवू, असं सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, पाण्याची घागर घरात ठेवून तिची काय पूजा करायची? शेवटी एका दुपारी नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतली कानस काढली आणि हात दुखेपर्यंत ती अक्षरं घासली.

दिवाळीला आबा आले. पाय धुवायला त्यांनी घागर उचलली. घागरीच्या गळ्याखाली त्यांचा अंगठा फिरला आणि थांबला.

“तुजं नाव कुटं गेलं गं?”

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. आबांना अक्षर येत नव्हतं. लेकीला भांडी द्यायची तर वर तिचं नाव घालायचं ही रीत. मंडळानंही तेच केलं असणार, असं ते धरून चालले होते. गावात सांगत होते, भांडी मंडळाची असली तरी वर नाव माझ्या लेकीचं हाय.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हणाले, “नावात चूक झाली होती आबा. म्हणून घासलं.”

जेवून आबा निघाले. गावी गेले असं आम्ही समजलो. ते गेले थेट मंडळाच्या चिटणीसांच्या दुकानात. हात जोडून त्यांना म्हणाले, लई उपकार झाले, पण पोरीचं नाव चुकलंय, तेवढं नीट करून द्या.

संध्याकाळी चिटणीस आबांना घेऊनच चाळीत आले. उतारवयाचे, टोपी घातलेले गृहस्थ. बरोबर भांड्यांवर नावं घालणारा कारागीर. सगळी चाळ दारात उभी. चिटणीसांनी घागर फिरवून बघितली. मग परात बघितली. तिच्यावर मंडळाचं नाव तसंच होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

“चूक आमचीच आहे,” ते आबांना म्हणाले. “पोरीचंच नाव घालायला हवं होतं.”

कारागिरानं नाव विचारलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याला ऐकू गेलं. परातीवरची आणि पातेल्यांवरचीही अक्षरं घासायला लावून चिटणीसांनी तिथंही माझं नाव घालून घेतलं. आबा उकिडवे बसून हातोडीचा प्रत्येक ठोका बघत होते.

“आता बराबर हाय न्हवं?” ते मला म्हणाले. “वाच की.”

चिटणीसांच्या समोर मी माझंच नाव मोठ्यानं वाचलं. आबा खूश झाले.

चिटणीसांच्या पाया पडायला हवं होतं. मी उंबऱ्यातच उभी राहिले. ते गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, चहाला तरी थांबवायचं होतंस.