शेजारी ठेवलेलं प्रस्थान

आम्ही गेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा उगाच युरोपची वाट बघत बसायचा.

ह्यांनी उभी नोकरी पोफळीच्या वीजघरात काढली, डोंगराच्या पोटात. सकाळी बोगद्यातून आत जायचं, ड्यूटी संपली की बाहेर यायचं. बाहेर ऊन आहे की पाऊस, आत काही कळायचं नाही. निवृत्तीनंतर आम्ही अलोऱ्याला घर बांधलं, मागच्या बाजूला हापूसची कलमं होतीच, आणि एक दिवस चहा पिता पिता हे म्हणाले, "आता मला उजेडात चालायचंय. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत."

"मग गुहागरला जाऊन या," मी म्हटलं. "एक समुद्र तरी होईल."

"पोर्तुगालपासून काळ्या समुद्रापर्यंत. युरोप आडवा. आणि तूही यायचंस."

मी चिडले. माझा स्वभावच तसा, नवीन काही कानावर आलं की आधी चिडायचं. मी शाळेत भूगोल शिकवला, पण तो खडूनं, पायांनी नव्हे. तरी आठवड्याभरात माळ्यावरचा जुना नकाशा मीच खाली काढला आणि धूळ झटकून जेवणाच्या टेबलावर पसरला.

तिथून पुढचं दीड वर्ष आम्ही त्या नकाशावरच जेवलो. तिकडे एका दमात तीन महिन्यांहून जास्त राहू देत नाहीत, म्हणून ह्यांनी तोडगा काढला. आंबा संपला की निघायचं, तीन महिने चालायचं, परत यायचं, आणि पुढच्या वर्षी जिथे थांबलो होतो नेमकं तिथूनच पाऊल उचलायचं. मी म्हटलं, अशानं पोचेपर्यंत आपण म्हातारे होऊ. ते म्हणाले, ते इथे बसूनही होणारच आहोत.

सरावासाठी पाठपिशव्यांत तांदूळ भरून आम्ही कुंभार्ली घाट चढायचो. जन्मभर चपला घातलेल्या माझ्या पायांना ते बूट असे चावायचे की विचारू नका. एसटीतून लोक माना बाहेर काढून बघायचे. एकदा गाडी थांबवून कंडक्टरनं विचारलं, "काकू, भांडून निघाल्यात काय?" हे नेहमी पुढे, मी मागे. मी ओरडायची, "मागे वळून बघायची सवय लावा, नाहीतर बल्गेरियात मला हरवून बसाल!" खरं सांगते, लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

निघायचं ठरलं ज्येष्ठात. पण भटजींनी सांगितलेला चांगला मुहूर्त होता चैत्रातला. आता हे यंत्रांत वाढलेले, देवापुढे हात जोडायलासुद्धा आळस. पण ह्यांनीच हट्ट धरला, आपण प्रस्थान ठेवू, माझी आई ठेवायची. मुहूर्ताला निघणं जमत नसेल तर त्या वेळेला आपलं थोडं सामान जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालोच. मग सवडीनं घर सोडायचं, ते उचलायचं आणि पुढे जायचं. एकदा ठेवलेलं मात्र परत घरात आणत नाहीत.

मी खूप हसले. तरी पंच्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, ह्यांचा एक रुमाल आणि माझा एक, असं गाठोडं बांधून दिलं.

आमच्या पश्चिमेला घर एकच. ह्यांच्याबरोबर वीजघरात असलेल्या एकाची बायको तिथे राहायची. नवरा गेल्यावर एकटीच. मूळची बुरोंडीची, मच्छीमाराच्या घरची, बोलायला मोकळी. पण गाठोडं बघून ती दारातच मागे सरली.

"वयनी, माज्याकडं नका ठेवू. माजं कपाळ हे असं. सवाशिणीच्या घरी ठेवा."

"असलं काही नसतं," हे म्हणाले, आणि गाठोडं तिच्या हातात देऊन आले.

वैशाखात, शेवटची कलमं उतरवताना, ह्यांच्या हातातून आंबे काढायचा झेला गळून पडला. मी म्हटलं, नीट धरा की. ह्यांना उत्तर देता येईना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

डावी बाजू गेली. नंतर नातेवाईक येऊन रक्तदाब वेळच्या वेळी कसा तपासावा ते सांगून गेले. बैल गेला नि झोपा केला. आता हे चार पायांच्या काठीवर पलंगापासून पडवीपर्यंत येतात. पडवीत आमच्या बुटांचे दोन जोड आहेत. ते मी हलवले नाहीत. मला राग येतो, खूप येतो, पण तो कोणावर काढायचा हेच कळत नाही.

शेजारीण बघायला एकदाच आली, तीही दारातूनच. पुढे रस्त्यात दिसली तरी मान खाली. मला वाटलं, आजारपणाला लोक कंटाळतात.

पाऊस सरल्यावर एका सकाळी ती आली. भाऊ तिला कायमचं बुरोंडीला न्यायला आला होता, टेम्पो दारात उभा होता. तिच्या हातात आमचं गाठोडं.

"घ्या वयनी. मी तवाच सांगत व्हते, ऐकलात नाय तुमी. माज्या घरात ठेवलंत, म्हणून भावजींचं असं झालं." आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

एवढे महिने हे ओझं बाईनं एकटीनं वागवलं होतं. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. गाठोडं घेतलं असतं तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि आमचं जाणं संपलं, हेही मीच माझ्या हातानं घरात आणलं असतं. ज्या प्रस्थानाला मी हसले होते, ते उंबऱ्याच्या आत घ्यायची माझी छाती होईना.

"बुरोंडी कुठल्या दिशेला गो?" मी दरडावूनच विचारलं, शाळेत विचारायची तसं.

"मावळतीला. दर्याला लागून."

"मग घेऊन जा तिकडे. आम्हाला त्याच बाजूला जायचंय. आणि पुन्हा माझ्यासमोर कपाळाचं नाव काढायचं नाही."

ती गाठोडं पोटाशी धरून टेम्पोत चढली.

मी आत आले. ह्यांनी सगळं ऐकलं असावं. हल्ली एकेक शब्द जुळवावा लागतो त्यांना, म्हणून मी पलंगावर बसून राहिले.

"समुद्रापर्यंत... गेलं?"

"दुपारपर्यंत पोचेल."

त्यांनी उजव्या हातानं माझा हात चाचपून धरला.

"म्हणजे आता... आपणच तेवढे... मागे राहिलो."

काहीतरी फटकारून बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि मला रडू आवरेना.