सभेतलं रडू

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही — तिथे तर मी या गोष्टीला वळसा घालूनच जायचो.

तुम्ही ख्रिस्ती मिशनच्या संजीवनाच्या, म्हणजे श्रद्धा नव्यानं जागवण्याच्या, सभांना आला असाल, तर मला पाहिलं असेल. वाशीमजवळच्या आमराईत हिवाळ्यात मिशनचे तंबू पडायचे, पेटी-तबल्यावर भजनं व्हायची, मग मी उपदेशाला उभा राहायचो. बोलता बोलता माझे डोळे वाहायचे. मास्तरांवर पवित्र आत्मा उतरला, लोक म्हणायचे. मग तेही रडायचे, आपापली पापं कबूल करायचे. जो रडला त्याला देव भेटला — अशी आमच्यात रीतच पडून गेली.

आणि मी? पहिल्या सभेत मला काहीच जाणवलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. घाबरून मी आईचं मरण आठवलं — तिचा तो खोकला, माझ्या मनगटावरची तिची बोटं. डोळे भरून आले. ते पाणी मी देवाच्या नावावर खपवलं. पुढे शेलूबाजारला तेच. गावोगाव तेच.

इतकंच असतं तर? पण इतकंच नाही.

इंझोरीची सरजाबाई, भाजीपाल्याचा मळा करणारी विधवा, दर सभेला यायची. मागे चटईवर गप्प बसायची, चेहरा शांत, डोळे कोरडे. तिला बाप्तिस्मा हवा होता. मिशनच्या साहेबांनी मला विचारलं, ही तयार आहे का? मी म्हणालो, अजून देवाचा स्पर्श झालेला नाही. का म्हणालो? त्या कोरड्या डोळ्यांना माझं खोटं रडू दिसेल अशी मला भीती वाटायची, म्हणून.

एकदा तिनंच विचारलं, "मास्तर, मले रडू येत नाई. देव माह्याकडंच काहून येऊन नाई राह्यला?" आणि मी — मी म्हणालो, आणखी प्रार्थना करा, बाई. तिनं केली. कित्येक हिवाळे केली.

गेल्या आठवड्यात इंझोरीला गेलो. ती वांग्यांना पाणी देत होती. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ती फावड्यावर रेलली.

"म्हंजे आईले बिचारीले मेल्यावरबी कामाले लावलं तुमी," ती म्हणाली. "अन् मले दाराशी उभं ठेवलं. वाफ्यात पाणी सोडतानी जे सोबत राह्यते, मले वाटे थे काई देव नसन. देव तं रडवते."

वाफा भरून पाणी बाहेर चाललं होतं. तिनं माती ओढली, पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. माझे डोळे कोरडे होते — आणि तिथे आम्ही दोघंच नव्हतो, ती म्हणाली ती सोबतही होती, हे मला कळत होतं. इतक्या वर्षांच्या उपदेशात ते कधी कळलं नव्हतं.

साहेबांना सगळं सांगून आलो आहे. उपदेशाचं काम आता माझ्याकडे नाही. रविवारी सरजाबाईचा बाप्तिस्मा आहे. ती पुढे असेल. मी मागे, तिच्या चटईवर बसेन.