याकोब सर आणि तो एक गुण

याकोब सर गेल्याचं मला जळकोटच्या माझ्या आडतीवर कळलं, सोयाबीनचं पोतं उघडताना. "बसूअण्णा, तुमचे कबड्डीचे सर वारले म्हणं," हमाल म्हणाला. माझ्या तोंडून पहिलं निघालं, "तुला कुणी सांगितलं?" तीन ठिकाणी फोन लावून खात्री केली, मगच शटर ओढलं. माझा स्वभावच तसा. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा माल बघितल्याशिवाय मी सख्ख्या मामालासुद्धा भाव सांगत नाही.

सरांवर तर माझा संशय शाळेपासूनचा. रविवारी सामना असला की ते चर्चमधली उपासना उरकून थेट मैदानावर यायचे. आम्हाला गोल उभं करून डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि तीत समोरच्या संघाचंही नाव घ्यायचे. कुणाला लागू नये, कुणी खोटं खेळू नये, एवढंच मागणं. जिंकायचं मागायचेच नाहीत. मी एकदा म्हणालो, "सर, आपल्यासाठी मागा की. त्यांचं त्ये बघतील." सर हसले. "त्यांचा न् आपला बाप एकच हाय रे. एका लेकराला पाड न् दुसऱ्याला जितव, असं बापाला कसं सांगू?" मी तर सकाळीच महादेवाला बेल वाहून, जितवच म्हणून सांगून आलेलो. हा माणूस नक्की कुणाच्या बाजूनं हाय, ते मला तेव्हापासून कळेना.

मग लातूरला विभागीय अंतिम सामना झाला, भोकरच्या संघाशी. जिंकलो तर राज्याला खेळायचं, त्याचं प्रमाणपत्र मिळायचं आणि खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागायचं, हे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. बरोबरी होती. शेवटच्या चढाईत मी कोपऱ्यावरच्या पोराकडं हात टाकला आणि मध्यरेषेवर येऊन बोट वर केलं. पंचांनी गुण दिला. भोकरवाले भांडायला लागले. त्या गोंधळात सरांनी मला जवळ घेतलं. "बसू, खरं सांग. लागला का हात?"

त्यांच्याशी खोटं बोलवेना. म्हणालो, "न्हाई सर. पण पंचांनी दिलाय की..."

सर सरळ पंचांकडं गेले आणि गुण काढायला लावला. जादा चढायांत आम्ही हरलो.

घरी वडलांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, हात लागला होता, सरांनी सामना सोडला. भोकरचे प्रशिक्षक सरांच्याच धर्माचे, सामन्याआधी दोघं चहा घेताना सगळ्यांनी बघितलेले. गावाला तेवढं पुरलं; सरांनी सामना विकला, असं ठरून गेलं. शाळेच्या कमिटीनं मला आणि सरांना समोरासमोर बोलावलं. मी पुन्हा तेच बोललो. 'हा पोरगा स्वतः मला म्हणाला' एवढं सरांनी सांगितलं असतं, तर मी तिथंच उघडा पडलो असतो. ते फक्त म्हणाले, "मला जे बरोबर वाटलं ते मी केलं." कबड्डी त्यांच्याकडून गेली. निवृत्तीपर्यंत ते शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी पोरांच्या रांगा लावत राहिले.

का गप्प बसले? माझ्यासाठी, की मला जन्मभर जाळायला? इतका चांगुलपणा मला आजही पचत नाही. रस्त्यात भेटले की "कसा हाईस?" विचारायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधायचो. कधी सापडला नाही, म्हणून आणखी राग यायचा.

स्मरणसभेला गेलो. सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही बाई म्हणायचो, त्या म्हणाल्या, "बसू, रोजच्या प्रार्थनेत ते तुझं नाव घ्यायचे." धीर द्यायला म्हणाल्या की टोचायला, मी त्यांच्या डोळ्यांत बघून ठरवू शकलो नाही. चर्चमध्ये अशा वेळी साक्ष द्यायची रीत आहे. गेलेल्या माणसाबद्दल आपल्याला जे खरं ठाऊक आहे, ते उभं राहून सांगायचं. मला सांगितल्यावर मी उठलो, "सर लई शिस्तीचे होते," म्हणालो आणि खाली बसलो. लाज वाटली, अजून वाटते.

पेपरची ही पुरवणी जळकोटात घरोघरी येते, म्हणून इथं लिहितोय. याकोब सरांनी सामना विकला नव्हता. खोटं मी बोललो होतो, आडत दुकानवाला बसवराज, दोनदा, आणि दुसऱ्यांदा त्यांच्या तोंडावर. बाई, हे तुम्ही वाचाल. तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं का, एवढं मात्र मला कधी सांगू नका.