डावखुऱ्या हाताचं पिस्तूल

डॉ. सुहासिनी वझलवार यांनी पस्तीस वर्षं डॅलसच्या एका हॉस्पिटलात माणसांना भूल दिली. "जितक्यांना झोपवलं, तितक्यांना उठवलंही," असं त्या अभिमानाने सांगत. सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने डॅलसजवळच्या प्लेनो गावातल्या घरात मजेत गेले. नंतर मात्र टोमॅटोची रोपं, मंडळाच्या गणपतीचा मेन्यू आणि नवऱ्याचं कोलेस्टेरॉल एवढं सगळं बघूनही दिवस शिल्लक राहायला लागला.

शेजारच्या ग्लेंडाने हे बरोबर हेरलं. ग्लेंडा आयुष्यभर स्कूलबस चालवून आता जवळच्या शूटिंग रेंजवर नवशिक्यांना शिकवायची. "बुधवारी सकाळी बायकांचा क्लास असतो. नुसती बघायला ये," ती म्हणाली.

सुहासिनीबाई बघायला गेल्या आणि दहा गोळ्या झाडून आल्या. नागपूरला कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी एकदाच रायफल धरली होती. त्या डावखुऱ्या. पण हवालदारसाहेबांनी बंदूक उजव्या खांद्याला लावायला लावली आणि पाचातली एकही गोळी कागदाच्या आसपास फिरकली नाही. त्या दिवसापासून नेमबाजी आपलं काम नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ग्लेंडाने मात्र विचारलं, "तू जेवण वाढतेस कुठल्या हाताने? मग धर त्याच हातात." दहातल्या सहा गोळ्या कागदावर लागल्या. एक तर अगदी मधल्या काळ्या गोलात.

"गुरू, मला पिस्तूल घ्यायचंय. टार्गेट शूटिंगसाठी," घरी येऊन त्यांनी जाहीर केलं.

त्यांच्या नवऱ्याने, गुरुदत्तांनी, चहाचा कप खाली ठेवला. चाळीस वर्षं टेलिकॉम इंजिनिअर असलेला हा माणूस. साधा मायक्रोवेव्ह घ्यायला त्यांना तीन आठवडे लागले होते. रात्रीच्या जेवणापर्यंत चौदा कॉलमांचं स्प्रेडशीट तयार झालं आणि त्यात एक ओळ हिरव्या रंगाने रंगवलेली होती. "हे बेस्ट. याला बाहेरून सेफ्टीचा खटका नाहीच. सगळ्या सेफ्टी आत. तीन-तीन!"

"पण मी अजून हातात कुठे धरलंय?"

"डेटा बघ ना, सुहास."

पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या मुलीला, नैनाला, हे फोनवर कळलं तेव्हा ती पहिल्यांदा इंग्रजीतच ओरडली. मग म्हणाली, "आई, आर यू सीरियस? शनिवारी अनिका तुमच्याकडे असते. ती सहा वर्षांची आहे!"

"म्हणूनच ते घरी येणार नाही. रेंजवर लॉकर मिळतो. तिथेच राहील."

"प्रॉमिस?"

"लिहून देते. सही, तारीख, सगळं."

पुढच्या बुधवारी बायकांचा क्लास संपल्यावर नवरा-बायको दोघंही रेंजवर थांबले. तिथे भाड्याने पिस्तुलं वापरून बघता येत. ग्लेंडाने टेबलावर एकेक मांडायला सुरुवात केली.

पहिलं देखणं होतं, पण त्याचा सेफ्टीचा खटका, जो खाली केल्याशिवाय गोळी सुटत नाही, फक्त डाव्या अंगाला. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा तिथे आपसूक पडतो. सुहासिनीबाईंना मात्र तो खाली करायला दरवेळी पकड सोडावी लागे. "हे बनवणाऱ्याच्या घरी एकही डावखुरं माणूस नसावं," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या मुठीच्या मागे एक पट्टी होती. तळव्याने ती नीट दाबली तरच गोळी सुटणार. कल्पना छान होती, पण त्यांच्या अंगठ्याच्या सांध्यांत संधिवात शिरलेला. पकड जरा सैल झाली की पिस्तूल मौन पाळायचं.

तिसरं गुरुदत्तांच्या हिरव्या ओळीतलं. चापाच्या मधोमध एक छोटी जीभ होती. बोट चापावर नीट आलं तरच ती दबते आणि गोळी सुटते. गुरुदत्तांनी आधी स्वतःच पाच-सहा गोळ्या झाडल्या. खूश झाले. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, पिस्तूल समोरच्या कट्ट्यावर ठेवलं आणि वळून म्हणाले, "घे, ट्राय कर. रिकामं आहे."

"नळीत बघितलंस?"

"मॅगझिन काढलंय ना!"

दुसऱ्याने भरलेली सिरिंज लेबल वाचल्याशिवाय सुहासिनीबाईंनी कधी हातात घेतली नव्हती. त्यांनी पिस्तूल उचललं, नळी टार्गेटकडेच ठेवली, बोट चापापासून लांब. नळीत बघायला वरचा सरकता भाग मागे ओढला. स्प्रिंग कडक, सांधे दुखरे, तो अर्ध्यावरच अडकला. पुन्हा ओढला. आतून एक पितळी गोळी टुणकन उडाली, सिमेंटवर वाजली आणि घरंगळत गुरुदत्तांच्या बुटाशी जाऊन थांबली.

गुरुदत्तांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पण... तीन सेफ्टी आहेत याला," ते हळूच म्हणाले.

"आहेत, आणि तिन्ही आपलं काम चोख करतात," ग्लेंडा शांतपणे म्हणाली. "खाली पडलं, धक्का लागला, तर उडणार नाही. पण चाप ओढलात की त्यांना वाटतं, तुम्हाला उडवायचंच आहे. मॅगझिन काढण्याआधीच एक गोळी नळीत चढलेली असते. ती फक्त डोळ्यांनी बघूनच कळते."

"आय ॲम सॉरी, सुहास."

"सॉरी नको. दरवेळी बघत जा, बास," त्या म्हणाल्या. थर्मासमधला चहा दोघांनी एकाच कपातून प्यायला.

चौथं पिस्तूल त्यानंतर आलं. पॉइंट टू टूचं, बारीक गोळीचं. खटका दोन्ही बाजूंना होता आणि वरचा भाग त्यांच्या बोटांनीही सहज मागे यायचा.

"हे तर खेळणं आहे," गुरुदत्त सवयीने बोलून गेले.

"याच्याही नळीत डोकावतेच मी," म्हणत सुहासिनीबाईंनी ते आधी तपासलं, मग भरलं. खटका खाली केला. दहा गोळ्या. नऊ कागदावर, त्यातल्या चार काळ्या गोलात. दहावी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी तेच घेतलं.

घरात त्यावरून वाद मात्र मिटला नाही. गुरुदत्तांनी स्वतःसाठी हिरव्या ओळीतलंच घेतलं आणि तेही रेंजवरच्या लॉकरात ठेवलं. "खटका नाही म्हणजे ऐनवेळी विसरायला एक गोष्ट कमी," हे त्यांचं म्हणणं.

"आणि मला तो खटका लावल्याचा आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नाही," हे सुहासिनीबाईंचं. ग्लेंडाला पंच व्हायला बोलावलं, तर तिने साफ नकार दिला. "चपला आणि पिस्तूल दुसऱ्याच्या मापाने घेऊ नये," एवढंच म्हणाली आणि यांच्याकडचे दोन बटाटेवडे खाऊन निघून गेली.

फेब्रुवारीत नैना स्वतः रेंजवर येऊन लॉकर बघून गेली. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. "ओके. यू आर ॲक्च्युअली केअरफुल," म्हणाली. सुहासिनीबाईंच्या लेखी ते प्रशस्तिपत्रकच.

मार्चमध्ये ग्लेंडाने विचारलं, "माझ्या क्लासला मदत करशील?" त्या दिवशी सुहासिनीबाई इतक्या खूश झाल्या की गुरुदत्तांच्या कोलेस्टेरॉलचा विचार न करता त्यांनी साजूक तुपातला शिरा केला. आधी रेंजचा सेफ्टी ऑफिसरचा कोर्स करावा लागला. परीक्षेत अठ्ठ्याण्णव टक्के मिळाले. दोन टक्के कुठे गेले, हे विचारायला त्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या होत्या.

आता दर बुधवारी दहा वाजता कॅप घालून, गळ्यात कानांवरचे आवाज अडवणारे मफ अडकवून त्या उभ्या असतात. येणाऱ्या बायकांमध्ये कोणी नर्स, कोणी शिक्षिका, कोणी नुकतीच टेक्ससला आलेली. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, कुठलं चांगलं?"

"ते मला काय माहीत?" सुहासिनीबाई म्हणतात. "हात दाखव बघू आधी." मग त्या तिचा तळवा आपल्या हातात घेतात, बोटांची लांबी बघतात, अंगठा वाकवून बघतात, कुठे दुखतं का विचारतात. पाठीमागे रांगेत उभ्या असलेल्या बायका हसायला लागतात, कारण हे सगळं थेट दवाखान्यासारखं चाललेलं असतं.